सगळ्यात मागे कोण?

"गुरुशांत सर, आज मुलांनी मैदानावर उत्साह दाखवला नाही, तर सोमवारपासून तुमचा खेळाचा तास गणिताला." मुख्याध्यापिका वैजयंतीबाई एवढंच बोलल्या आणि वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या.

त्या एका तासात गुरुशांत सरांचा जीव अडकला होता. एरवी शिट्टी वाजली की निम्मी आठवी ब लिंबाच्या सावलीत पोट धरून बसायची. पण आज सर निर्धास्त होते. प्रशिक्षणात ऐकलं होतं, की पोराची तुलना दुसऱ्याशी करू नका, त्याची त्याच्याशीच करा. म्हणून कालच त्यांनी वर्गात जाहीर केलं होतं, "पहिला येईल त्याला काही नाही. उद्या पळा, दिवाळीनंतर परत पळा. जो सगळ्यात जास्त सुधारेल, त्याला नवा कोरा फुटबॉल!"

वर्गाने त्यावर रात्रभर विचार केला होता.

फुर्रर्र!

कुणी हललं नाही.

मग तन्वीरने, शाळेतल्या सगळ्यात वेगवान पोराने, एक पाऊल टाकलं. मांडवात येणाऱ्या नवरीसारखं. त्याच्या मागे आरोही. तिच्याही मागे राहायचं म्हणून येडू बुटाची नाडी बांधायला वाकला. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. बघता बघता अख्ख्या वर्गाच्या नाड्या सुटल्या.

"तन्वीर, काय करालास बे? पळ की!"

"पळतोयच की सर! गुडघा लई दुखालाय."

"येडू, तू तरी!"

"आरोहीला जाऊ द्या आधी, सर. लेडीज फर्स्ट."

"मी न्हाय जाणार," आरोही म्हणाली आणि उलटी चालू लागली.

आत्ता सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण बक्षीस मागे घ्यावं तर शब्द जातो, आणि वर मॅडम!

फुर्रर्र! फुर्रर्र! फुर्र...

घंटा झाली. अर्धी फेरीही झाली नव्हती. गणिताचे उदयसिंह सर पुस्तक घेऊन मैदानात आले.

"चला वर्गात!"

"चाचणी चालू हाय, सर!" पोरं एका सुरात ओरडली. वेळ न नोंदवताच गेलं, तर दिवाळीनंतर सुधारायचं कशावर?

वैजयंतीबाई तरातरा खाली आल्या. गुरुशांत सरांनी डोळे मिटले.

"बघितलंत, उदयसिंह सर? भर उन्हात, घंटा झाली तरी पोरं मैदान सोडेनात! एकजण सावलीत बसला नाही. शिस्त तर बघा, कुणी कुणाच्या पुढे घुसत नाही!" बाई वळल्या. "गुरुशांत सर, तास तुमचाच. शनिवारचा गणिताचाही घ्या."

उदयसिंह सरांनी त्यांना पाण्याच्या टाकीमागे गाठलं. "खरं सांग बे. पोरांना काय सांगितलंस?"

गुरुशांत सरांनी खरं तेच सांगितलं. फक्त 'जो सुधारेल त्याला फुटबॉल' इथपर्यंतचं.

दुसऱ्या दिवशी उदयसिंह सरांनी आठवी 'ब'च्या टेबलावर क्रिकेटची नवी बॅट आणून ठेवली आणि गणिताची चाचणी घेतली.

सगळ्या वर्गाला शून्य. एकटा तन्वीर शिक्षकांच्या खोलीबाहेर हुंदके देत उभा होता.

"काय झालं रे?" गुरुशांत सरांनी विचारलं.

"माझं एक उत्तर बरोबर आलं, सर."