चौगुले अण्णांचं टेंडर

आमच्या खालच्या मजल्यावरचे चौगुले अण्णा कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची असली तरी तीन कोटेशनं घेतात. एक कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याचं, एक मंडईतल्या बाईचं आणि एक मोबाइलवर दहा मिनिटांत भाजी पाठवणाऱ्यांचं. तिन्ही दर हाती आले की गेटजवळच्या बाकावर बसून शांतपणे तुलना करतात. तोवर गाडीवाला पुढच्या क्रॉसला, म्हणजे पुढच्या गल्लीत, गेलेला असतो, आणि अण्णा उन्हातून त्याला शोधत निघतात.

कुणालाही वाटेल, माणूस चिकट आहे. पण मी पुण्याची. चिकट माणसं मी जवळून आणि भरपूर पाहिली आहेत, त्यामुळे फरक माझ्या लवकर लक्षात आला. चिकट माणसाला पैसे गेल्याचं दुःख होतं. अण्णांना खर्च करायला मनापासून आवडतो, फक्त तो रीतसर व्हायला हवा. एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांची उभी हयात गेली. खिळ्यापासून क्रेनपर्यंत सगळं त्यांनी टेंडर काढून घेतलं. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, रीत तेवढी अंगात राहिली.

अण्णा मूळचे निपाणीचे. नोकरीला लागल्यापासून बंगळूरमध्ये. आमच्या एचएसआर लेआउटच्या बिल्डिंगमधली कन्नड, तमिळ, हिंदी अशी सगळी मंडळी त्यांना अण्णा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला अक्का. नवरा-बायकोला असं एका दमात भाऊ-बहीण करून टाकणं मला सुरुवातीला फार जड गेलं. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काहीच जड जात नाही. तो पहिल्याच दिवशी "अक्का, चहा मस्त" म्हणून मोकळा झाला. हळूहळू मलाही सवय लागली.

अण्णांच्या शास्त्रात दोन पाकिटं असतात. पहिल्या पाकिटात माल, दुसऱ्यात दर. माल पसंत पडल्याशिवाय दराचं पाकीट उघडायचंच नाही. "आधी दर इचारला की जीभ लाच खाती बघा," असं ते म्हणतात. "स्वस्त म्हटलं की गोड लागतंय, महाग म्हटलं की लईच गोड लागतंय."

हे शास्त्र बघायचं तर त्यांच्याबरोबर खाद्यमेळ्याला जायला हवं. बंगळूरला शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर असा मेळा असतोच. चीज, चॉकलेट, हाताने भाजलेली कॉफी, कसकसली लोणची. चवीला म्हणून सगळीकडे इवलासा तुकडा देतात. आपण तो तोंडात टाकतो, 'वॉव' म्हणतो आणि लाजेकाजेस्तव डबा विकत घेतो. अण्णा तुकडा आधी हुंगतात, मग डोळे मिटून चघळतात. मग पाणी पिऊन दुसरा मागतात. एकदा चीजच्या स्टॉलवरच्या मुलीने मोठ्या अभिमानाने सांगितलं, की हे चीज दीड वर्षाचं आहे. "माझ्या नातवाएवढं की!" अण्णा म्हणाले आणि जपून, हळूहळू चावू लागले.

त्याच मेळ्यात मी परदेशी अळंब्यांच्या वासाच्या तेलाची बाटली उचलली होती. बाटली फार देखणी होती. अण्णांनी मागून विचारलं, "घरी नेऊन कशावर घालणार?"

मी जरा विचार करून म्हटलं, "पोह्यांवर?"

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवली. मग त्यांनी स्वतः एका म्हाताऱ्याकडून लोणकढं तूप घेतलं. त्याचा दर ऐकून निखिलला ठसका लागला, पण अण्णांनी दोन पाकिटं उघडून, रीतसर, अगदी आनंदाने पैसे मोजले. ते तूप अक्कांनी नंतर आमच्याच पुरणपोळीवर ओतलं, तेही आम्ही नको म्हणत असताना.

अक्कांविषयी सांगायचं तर त्या कधी जेवायला बसलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या. सगळ्यांना वाढून झालं की ओट्याशी उभ्या उभ्या चार घास खायच्या. बसा म्हटलं तर "तुमचं होऊ दे की" म्हणायच्या. आमचं व्हायचं आणि मग त्या भांडी विसळायला घ्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला. आम्ही सगळे त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. अण्णांनी चष्मा पुसत विचारलं, "या वर्षी काय घ्यायचं तुला? साडी, कुकर, काय ते सांग. कोटेशनं मागवायला वेळ पाहिजे."

अक्का बशी उचलता उचलता म्हणाल्या, "वस्तू काही नको. एकदा मला बसून जेवायचंय. आपल्याकडचंच जेवण, खरं दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं." अक्कांच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'.

एवढं बोलून त्या आत गेल्या. अण्णा गंभीर झाले. "सरी," ते कानडीत 'ठीक' म्हणाले, "टेंडर काढू."

त्यांनी ते काढलंही. नशिबाने त्याच सुमारास व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी भागातल्या मोठ्या हॉटेलांत प्रांतोप्रांतीच्या जेवणाचे महोत्सव लागले होते. कोल्हापूर-बेळगावकडचं जेवण तीन ठिकाणी होतं. तीन म्हटल्यावर अण्णांना जणू शुभशकुनच झाला. तिन्ही हॉटेलांत ते जातीने जाऊन आले. मला मोबाइल चालवता येतो म्हणून मलाही बरोबर नेलं. पहिल्या हॉटेलातल्या टाय लावलेल्या मॅनेजरला त्यांनी विचारलं, "पांढऱ्या रश्श्यात खसखस घालता की नुसते काजू?" तो म्हणाला, शेफला विचारतो. अण्णांनी तिथेच पहिलं हॉटेल बाद केलं. दुसऱ्याने रस्सा चाखायला दिला, त्यात साखर निघाली. तिसऱ्या हॉटेलात भट्टीपाशी निपाणीजवळचाच एक आचारी भेटला, आणि ते दोघं तंबाखूच्या भावावर इतका वेळ बोलत उभे राहिले, की मला बसायला खुर्ची आणून द्यावी लागली.

माल पास झाला. मग दराचं पाकीट. रविवारपेक्षा बुधवारची दुपार स्वस्त. अमुक बँकेचं कार्ड असेल तर आणखी सूट. ते कार्ड निखिलकडे होतं. चौघे आले तर तिघांचेच पैसे. अशा रीतीने चौथे आणि तिसरे म्हणून आमची वर्णी लागली. "कर धरून सांगा," असं अण्णांनी मॅनेजरकडून तीनदा वदवून घेतलं. खाली रस्त्यावर आल्यावर त्यांचा चेहरा मुलीचं लग्न ठरल्यासारखा दिसत होता.

पुढचे दिवस आमचं शिक्षण चाललं. सकाळी फक्त ताक प्यायचं. पहिली फेरी नुसती बघायची, ताट हातात घ्यायचं नाही. भात, पाव आणि सरबत हे पोटातली जागा खाणारे लबाड, त्यांच्या वाटेला जायचं नाही. आधी मटण, मग मासे, मग पुन्हा मटण. निखिलने कधी ऑफिसचं काम इतकं मन लावून ऐकलेलं नाही. अक्का हे सगळं ऐकून हसायच्या. मला मात्र त्यांनी हळूच बोलावून कपाटातून काढलेली इरकल दाखवली. "ही नेसू? हॉटेलात बरी दिसंल न्हवं?"

बुधवारी आम्ही अर्धी रजा टाकून निघालो. मारतहळ्ळीच्या पुलापाशी गाडी इतका वेळ अडकली, की निखिलच्या पोटातलं ताक बोलायला लागलं. अक्का खिडकीतून सगळं कौतुकाने बघत होत्या. केसांत अबोलीचा गजरा होता.

हॉटेलचा हॉल गार आणि मोठा होता. आम्हाला खिडकीजवळचं टेबल मिळालं. अण्णा दारातूनच पाहणीच्या फेरीला गेले, त्यांच्यामागे निखिल. अक्का खुर्चीवर बसल्या, पदर सावरला, हात मांडीवर घेतले आणि पंगतीत बसतात तशा ताठ बसून राहिल्या. मीही बसले. थोडा वेळ गेला. एक वेटर पाणी ओतून गेला. अक्कांनी माझ्याकडे बघून छान हसून घेतलं. आणखी थोडा वेळ गेला.

मग तो वेटर परत आला आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, बफे उधर है. प्लेट वहाँसे लीजिए."

अक्कांनी तिकडे पाहिलं. सगळी माणसं हातात ताटं घेऊन रांगेत उभी होती, आपापलं वाढून घेत होती. महिनाभर आम्ही खसखस, साखर, कर, कार्ड सगळं तपासलं होतं. इथे वाढणारं कुणी नसतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तर आयुष्यभर असल्या हॉटेलांत जेवत आले आहे.

अक्कांनी मात्र चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "असं होय," म्हणाल्या आणि उठल्या. "चल, गरम हाय तवर घेऊ." रांगेत उभं राहून त्यांनी एक ताट घेतलं, मग दुसरं. सवयच ती. निखिल दिसल्यावर त्याला विचारलं, "तुला रस्सा कुठला, पांढरा का तांबडा?" आणि त्याच्यासाठी दोन्ही वाट्या भरल्या.

तेवढ्यात अण्णा फेरी संपवून आले. "मटण पास. मासे नापास. भाकरी तव्यावरनं थेट देतात, ती–" असं सांगत ते जवळ आले आणि थांबले. समोर इरकल नेसलेली त्यांची बायको दोन हातांत दोन ताटं घेऊन रांगेत उभी होती. त्यातलं एक अण्णांसाठी होतं. त्यात त्यांना लागतो तसा कांदा, लिंबू, सगळं घेतलेलं होतं.

अण्णांनी ते ताट बघितलं. मग माझ्याकडे वळून, कारखान्यात मोठी चूक झाल्यावर साहेबापुढे बोलावं तसं खालच्या आवाजात म्हणाले, "माल बघितला, दर बघितला. खरं तिनं मागितलं काय होतं, ते टेंडरात घातलंच न्हाई की मी."

मला त्या क्षणी त्यांची फार कणव आली. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच त्यांनी अक्कांच्या हातातली दोन्ही ताटं काढून घेतली. "जा, बस जा," म्हणाले.

"अहो, काय करतासा? लोक बघालेत."

"बघू देत. तू बस."

त्या बसल्या. अण्णांनी एक कोरं ताट घेतलं आणि वाढायला सुरुवात केली. आणि पहिल्याच पदार्थाला अडले. हातात चमचाभर शेंगदाण्याची चटणी धरून ते माझ्यापाशी आले आणि कानात विचारलं, "चटणी कुठल्या बाजूला असती?"

इतकी वर्षं हा माणूस रोज दोन वेळा नीट वाढलेल्या ताटावर जेवला होता. मी म्हटलं, "डावीकडे. मीठ वर मधोमध, भाजी उजवीकडे." त्यांनी मान हलवली आणि दोन्ही हातांनी ताट धरून, रस्सा हिंदकळू न देता, त्या गुळगुळीत फरशीवरून चालत गेले. वेटर धावत आला. "बेडप्पा," अण्णा त्याला म्हणाले, "नाने बडिस्तीनी." नको बाबा, मीच वाढतो. तो मुलगा कानडीच होता. तो बाजूला झाला आणि त्याने वाटेतली खुर्ची सरकवून दिली.

मग अण्णा भाकरीच्या तव्यापाशी जाऊन उभे राहिले. भाकरी फुगली की बशीत घ्यायची, टेबलाशी आणायची, परत जायचं. एका वेळी एकच, म्हणजे गार व्हायला नको. त्यांचं स्वतःचं ताट टेबलावर तसंच पडलं होतं, रश्श्यावर साय धरली होती. ज्या माणसाने आम्हाला पोटातली जागा जपायला शिकवलं, त्याने त्या दिवशी अक्कांनी वाढलेला कांदा तेवढा येता-जाता तोंडात टाकला.

अक्का सावकाश जेवत होत्या. वाफेची भाकरी मोडताना बोटं भाजत होती, तरी फुंकर घालत मोडत होत्या. "तव्यावरची भाकरी आई वाढायची," त्या मला म्हणाल्या. "लग्न झाल्यावर आजच." भाकरी करणाऱ्या बाईला गरम भाकरी मिळत नाही, हे मी माझ्या आईच्या घरात रोज बघितलं होतं आणि त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

अण्णा पुन्हा आले. कपाळावर घाम, बशीत फुगलेली भाकरी. अक्कांनी ताटावर आडवा हात धरला. "पुरे आता."

"बरं," म्हणून अण्णा भाकरी घेऊन वळले आणि चालू लागले.

"अहो!" अक्कांनी हाक मारली. "पुरे म्हटलं की लगेच जायचं नसतंय. आग्रह करायचा असतोय."

अण्णा परत आले. बशी पुढे करून, नव्या नवरदेवासारखे अवघडून उभे राहिले. "घे की गं," ते म्हणाले. "एकच."

"नको हो," अक्का म्हणाल्या, आणि आडवा हात काढून ताट त्यांच्या बशीखाली सरकवलं.