लॅटिनचा वर्ग वाचवताना

माझ्या हातात काम दिलं की घोटाळा होत नाही, हे मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं. गणिताचा माणूस आहे मी. हिशेब जुळल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्यामुळे सिस्टरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, यंदा विषयनिवडीचं काम माझ्याकडे दिलं तेव्हा मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही निर्धास्त राहा. सगळं मार्गी लावतो."

सिस्टर नुसत्या हसल्या. माणूस शहाणा असता तर तिथेच सावध झाला असता.

आमची शाळा कॅथलिक. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला मैदान, मधे आम्ही. वरच्या वर्गातल्या मुलांनी आपापले ऐच्छिक विषय निवडायचे. त्यासाठी प्रत्येक विभागाने आपल्या विषयांची माहिती द्यायची, तिची एक पुस्तिका छापायची, मुलांना वाटायची. बास. एवढंच काम. पण ते करताना विभागप्रमुख नावाच्या जमातीशी गाठ पडते, हे मी विसरलो होतो. इतिहासाच्या सरांकडे चार ओळी मागितल्या तर त्यांनी अश्मयुगापासून सुरुवात केली आणि जागा संपली तेव्हा ते जेमतेम शेतीपर्यंत आले होते. रसायनशास्त्राच्या मॅडमनी माहितीच्या जागी धोक्याच्या सूचना लिहिल्या. धर्मशिक्षण विभागाचा विषय सक्तीचा, त्यामुळे त्यांनी एकच वाक्य पाठवलं: "यावंच लागेल." आणि खेळाचे सर, ज्यांना सगळी शाळा शिट्टी सर म्हणते, त्यांनी लिहिलं, "धावणे. उड्या. परत धावणे." खरं सांगायचं तर मला त्यांचंच सगळ्यात आवडलं.

या गोंधळाला शिस्त लावावी म्हणून मी बैठकीत एक नियम मांडला. ज्या विषयाला पंधरा मुलं मिळणार नाहीत, तो विषय त्या वर्षी बंद. टेबलावर मूठ आपटून मी म्हणालो, "विभाग कुठलाही असो, अपवाद नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचा विषय होता.

आणि मग मी गेल्या वर्षीचे आकडे काढले. लॅटिनला तीन मुलं होती.

लॅटिन म्हणजे फादर. अभिजात भाषा विभाग असा मोठा फलक जिन्याजवळच्या खोलीवर लावलेला असला, तरी आत विभागप्रमुख, शिक्षक आणि खिडक्या उघडणारे सगळे तेच. आमच्या सिस्टरसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. बैठक संपल्यावर मी जिन्यावर आलो तर शिट्टी सर टेप घेऊन फादरांची खोली मोजत होते. मला बघून म्हणाले, "गाद्या ठेवायला झकास जागा आहे. चेंडूपण मावतील."

ही बातमी फादरांना सांगायला मीच गेलो. ते फळा पुसत होते.

"पण तीन आहेत की," ते म्हणाले.

"फादर, पंधरा लागतील."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं, हात झटकले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग मी सकाळी उठून काय करू, सर?"

नियम मागे घ्यावा तर सगळ्या विभागांसमोर माझंच नाक कापलं जाणार. मी म्हटलं, "वर्ग बंद होणार नाही. माझा शब्द." शब्द देऊन मोकळा झालो आणि घरी येईपर्यंत घाम फुटला.

पुस्तिकेसाठी फादरांनी लिहून दिलेला मजकूर असा: "लॅटिन कठीण आहे. कष्ट पडतील." हे वाचून विषय घेणारं मूल मला तरी माहीत नाही. म्हणून संध्याकाळी मी मुलीला पुढ्यात बसवलं. ती याच शाळेत, याच वर्षी विषय निवडणारी.

"लॅटिन का घेत नाही गं कुणी?"

"बाबा, फादर रोज परीक्षा घेतात. रोज!"

"बरं, पण काहीतरी चांगलं असेल ना?"

तिने जरा विचार केला. "एक आहे. चर्चमध्ये कुणाचा अंत्यविधी असला की लॅटिनवाल्यांना गायला नेतात. मग उरलेला दिवस सुट्टी."

मी मांडीवर थाप मारली. हे आम्हा शिक्षकांना माहीत होतं, पण कुणी कधी छापलं नव्हतं. मी लगेच लिहून काढलं: 'लॅटिनच्या विद्यार्थ्यांना चर्चमधील प्रत्येक अंत्यविधीत प्रार्थनागीते गाण्याचा मान मिळतो. त्या दिवशीचे पुढील सर्व तास माफ.' शेवटचं वाक्य ठळक केलं.

बायकोने खांद्यावरून डोकावून वाचलं. "अहो, हे जरा कसंतरीच वाटतंय."

"तुला नाही कळायचं. मुलांचं मन ओळखून लिहावं लागतं."

"मुलांचं मन ओळखलंत म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिची ही सवय मला अजिबात आवडत नाही.

पुस्तिका वाटल्या, आणि दोन दिवसांत लॅटिनच्या निवडपत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर मावेना. निम्मी शाळा लॅटिनला! शिट्टी सरांनी टेप खिशात घातली. रसायनशास्त्राच्या मॅडम तणतणत आल्या, "माझ्याकडे जेमतेम सोळा आलीत. तुम्ही काय जादू केलीत?" मी नम्रपणे म्हटलं, "मांडणी, मॅडम. मांडणी महत्त्वाची." फादर तर गहिवरले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "या काळात इतक्या मुलांना लॅटिनची ओढ आहे, हे मला माहीतच नव्हतं." मी खाली बघितलं.

वर्ग पुढच्या सोमवारी सुरू व्हायचे होते. पण मुलांनी त्याआधीच अंदाज घ्यायला सुरुवात केली.

पहिली तक्रार चर्चच्या घंटेकऱ्याची. तो थेट शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, तुमची पोरं रोज सकाळी येऊन विचारतात, आज आहे का कुणाचं? मी नाही म्हटलं की तोंडं पाडून जातात. मला तर आता नाही म्हणायलाच लाज वाटते."

मग बेकरीवाला आला. त्याची आई गुडघेदुखीने घरी पडून होती आणि एकदम तिला बघायला शाळेची मुलं जथ्याने यायला लागली होती. "आजी, बरं नाही ना अजून?" असं प्रेमाने विचारायची. म्हातारीने 'आज जरा उतार आहे' म्हटलं की एकमेकांकडे बघायची. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना तर एका मुलाने सरळच विचारलं होतं, "परीक्षेच्या आठवड्यात काही शक्यता आहे का?"

मी म्हटलं, मुलं आहेत, होतील शांत. आणि मग ती माझ्या दारात आली.

माझे सासरे आमच्याकडेच असतात. सकाळी गॅलरीत बसून खोकणं आणि 'आता माझं काही खरं नाही' असं दर तासाला जाहीर करणं हा त्यांचा कित्येक वर्षांचा दिनक्रम. गेटपाशी पाच-सहा मुलं उभी राहिली.

"आजोबा, खोकला कसा आहे?"

"वाढलाय रे बाळांनो."

"हो का? बरं, बरं," मुलं खुशीत म्हणाली आणि गेली.

सासरे भारावून गेले. जेवताना म्हणाले, "जावईबापू, मानलं तुमच्या शाळेला. काय संस्कार आहेत! घरच्यांनी कधी इतकी चौकशी केली नाही." मी आमटीत डोकं घातलं. मुलगी मात्र खुसखुसायला लागली, आणि आजोबांनी खोदून विचारल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. पुस्तिकासुद्धा आणून दाखवली. ठळक वाक्यावर बोट ठेवून.

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. मग चमचा ताटात ठेवला. "म्हणजे माझ्या मरणावर तुम्ही अर्ध्या दिवसाची सुट्टी लावलीत?"

"बाबा, तसं नाही. ते फादरांसाठी..."

"बघतोच मी," ते म्हणाले, "कशी मिळते ती सुट्टी."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ते फिरायला गेले! ज्या माणसाला गॅलरीतून पाण्याच्या तांब्यापर्यंत जायला दोघांचा आधार लागायचा, तो काठी आपटत चर्चला फेरी मारून आला. येताना बेकरीवाल्याच्या आईला भडकवून आला. चार दिवसांत परिसरातली यच्चयावत म्हातारी माणसं रस्त्यावर होती, आणि ती सगळी मिळून एका सकाळी सिस्टरांच्या कार्यालयात घुसली. सगळ्यात पुढे माझे सासरे.

मला बोलावणं आलं तेव्हा मंडळी निघून गेली होती. सिस्टरांच्या टेबलावर पुस्तिका उघडी होती.

"सिस्टर, मी चुकलो," मी सुरुवातच केली. "ते वाक्य काढून टाका. पण मग मुलं लॅटिन सोडतील आणि फादरांचा वर्ग..."

"वाक्य राहील," सिस्टर म्हणाल्या. "शाळेने छापलंय, तर शाळा पाळेल. मुलांनी मात्र कुणाच्याही दारात चौकशीला जायचं नाही, तेवढं मी सांगते. लॅटिन चालेल."

मला असं हलकं वाटलं म्हणून सांगू! फादरांना दिलेला शब्द पाळला होता. मी उठायला लागलो.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही प्रगत गणिताचा आकडा बघितलात का?"

नव्हता बघितला. लॅटिनच्या गठ्ठ्यापुढे दुसरं काही बघायला सुचलंच नव्हतं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. प्रगत गणित: नऊ. गेल्या वर्षी चाळीस होती! बाकीची कुठे गेली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"सिस्टर, ही तात्पुरती गोष्ट आहे. एखादा अपवाद..."

त्यांनी हाताची मूठ केली आणि टेबलावर अगदी हळूच टेकवली. नियम माझाच होता, आता माझाच विषय बंद. गणिताच्या वरच्या खोलीची किल्ली शिट्टी सरांना द्यायची होती. ते बाहेर टेप घेऊन उभेच होते.

"मग मी काय करू, सिस्टर?" माझा आवाज मला फादरांसारखा वाटला.

"इतक्या मुलांच्या रोजच्या परीक्षा फादर एकटे कशा तपासणार? त्यांना मदतीला माणूस लागेल."

"पण मला लॅटिनचा ल येत नाही."

"शिकवतील ते," सिस्टर म्हणाल्या. "मलाही काही येत नव्हतं."

तर आता मी लॅटिनच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. शेजारी माझी मुलगी. आदल्या दिवशी शिकायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यातच मुलांच्या वह्या तपासायच्या, अशी माझी नोकरी आहे. फादर रोज परीक्षा घेतात, माझीसुद्धा, आणि माझे गुण वर्गात मोठ्याने वाचतात. ते इतके खुशीत आहेत की त्यांचं वय कमी झाल्यासारखं वाटतं. मुलं मात्र रडकुंडीला आली आहेत. सत्र सुरू झाल्यापासून एकही अंत्यविधी नाही. कसा असणार? रोज सकाळी सगळी म्हातारी मंडळी आमच्या खिडकीखालून झपझप चालत जातात, आणि माझे सासरे तिथे मुद्दाम थांबून वर हात हलवतात.

परवा क्रियापदांची परीक्षा चालू होती. मला पहिल्या प्रश्नाचंही उत्तर येत नव्हतं. मुलीने वही हाताने झाकून घेतली होती. एवढ्यात चर्चची घंटा वाजली. एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. कुणी गेलं की चर्चची घंटा अशीच सावकाश वाजते. पटापट वह्या मिटल्या गेल्या.

फादर सावकाश खिडकीशी गेले आणि त्यांनी बाहेर वाकून बघितलं.

"घंटेकरी नवा दोर बांधतोय," ते म्हणाले. "लिहा पुढे." मग चष्म्यावरून त्यांनी शेवटच्या बाकाकडे बघितलं.

"सर, तुम्ही उभे का? दप्तर खाली ठेवा."