राव, एच., क्रमांक तीन

तंजावूरचे हरिप्रसाद राव भारतातले तिसऱ्या क्रमांकाचे भूशास्त्रज्ञ ठरले. हे वाचकांनी तूर्त विसरावं. त्या मंगळवारी सकाळी तसं काही झालेलं नव्हतं, आणि राव आपल्या विभागात उभे राहून भिंतीला पाडलेलं भोक बघत होते.

भोक एसीसाठी होतं. शहाण्णव साल चालू होतं, गावात गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघाले होते, आणि कॉलेजनं भूशास्त्र विभाग बंद करून तिथे कंप्युटर मांडायचं ठरवलं होतं. विभागातले दगड बागेत झाडांभोवती लावायचे, हे नक्की झालं होतं. रावांना कुठे लावायचं, हे नक्की व्हायचं होतं.

"कंप्युटरला एसी लागतो, सार," प्राचार्य सुब्रमण्यम म्हणाले. ते तमिळमध्ये बोलत; इथे मराठी केलं आहे, ओरडणं मूळचंच आहे. "तुमच्या दगडांनी इतक्या वर्षांत कधी एसी मागितला?"

"नाही, सार."

"मग? जो मागत नाही, त्याला आजकाल कोण विचारतो?"

याचं उत्तर गुरुवारी पेपरात आलं. दिल्लीच्या एका संस्थेनं देशातल्या शास्त्रज्ञांची क्रमवारी लावली होती. पद्धत सोपी होती: इतरांच्या लेखांत ज्याच्या लेखाचा उल्लेख जास्त, तो शास्त्रज्ञ मोठा. भूशास्त्राच्या यादीत तिसरं नाव होतं, 'राव, एच., तंजावूर'.

रावांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. आयुष्यात त्यांनी एकच लेख लिहिला होता. पापनाशमला सासऱ्यांच्या शेतात विहीर खणताना करड्या राखेचा थर लागला होता, आणि ती प्राचीन ज्वालामुखीची राख असल्याचं रावांनी सिद्ध केलं होतं. एका परदेशी नियतकालिकानं ते छापलं. पुढे त्याचं काय झालं ते रावांना कळायला मार्ग नव्हता, कारण कॉलेजात परदेशी नियतकालिक एकच येई, तेही दातांचं, आणि तेही चुकून.

"वसू, घोटाळा झालाय," ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले. "राव हे आपलं आडनाव आहे का?"

"आडनाव कुठलं? आदर तो," वसुमतीबाई म्हणाल्या. "शाळेत मास्तरांनी आडनाव विचारलं. तुमच्या अप्पांना वाटलं, मुलाचं नाव नीट आदरानं सांगा म्हणतायत. सांगितलं, पुढे राव लावून."

"त्या आदरानंच घात केला. आंध्रात राव, कर्नाटकात राव, इथे आपण राव! दिल्लीवाल्यांनी देशातले सगळे राव एच. गोळा करून माझ्या डोक्यावर ओतलेत. यातले निम्मे तरी हैदराबादचे हरनाथ राव असणार. भूकंपवाले."

"मग गप्प बसा की."

"खोटं बोलू?"

"तुम्ही कुठं बोललांत? दिल्ली बोलली." वसुमतीबाईंनी सांबार ढवळलं. "मला एकच कळत नाही. लग्न झाल्यापासून मी तुमचं नाव एकदाही घेतलं नाही, तरी तिसरे आलांत. घेतलं असतं तर पहिलेच आला असतां."

राव खरं सांगायला कॉलेजात गेले. पण मंगळवारचं भोक आता भोक राहिलं नव्हतं. त्यात एसी बसला होता, आणि तो दगडांवर गार वारा सोडत होता.

"विभाग बंद नाही!" प्राचार्यांनी त्यांना मिठी मारली. "यादी दरवर्षी निघणार आहे म्हणे. क्रमांक आहे तोवर विभाग आहे!"

"सार, तो क्रमांक बहुधा माझा नाही..."

"हा विनय! म्हणून तर तिसरे. उद्धट असता तर पहिले आला असता. रविवारी सत्कार आहे. पाहुणा म्हणून पहिल्या क्रमांकाला बोलावलं, त्याला विमान पाहिजे. मग तुमच्याच नात्यातल्याला बोलावलं. तो रेल्वेनं येतोय."

"माझ्या नात्यातला कोण?"

"हरनाथ राव. हैदराबाद."

रविवारी स्टेशनावरून हरनाथ रावांना ऑटोत घालून आणताना हरिप्रसादांनी सगळं कबूल केलं. वसुमतीबाई मध्ये बसल्या होत्या, कारण कबुली देताना नवरा ऑटोतून उतरून पळेल अशी त्यांना शंका होती.

"तुमचे उल्लेख माझ्या नावावर आलेत, सार. मी आजच जाहीर सांगतो. विभाग गेला तर गेला."

"माझे मी मोजलेत," हरनाथ राव थंडपणे म्हणाले. "यादीत मी सत्तेचाळिसावा आहे. तुमचे सगळे तुमचेच."

"एका लेखाला?"

"एकाच. ती ज्वालामुखीची राख नव्हती हो. तांदळाच्या गिरणीतली तुसाची राख होती."

ऑटोत आता फक्त मीटर बोलत होतं, तेही खोटं.

"तेव्हापासून जगात कुणालाही राख सापडली, की तो आधी लिहितो: ही गिरणीची नाही याची खात्री केली आहे, पाहा राव, एच. जपानात लिहितात, इटलीत लिहितात. तुमची चूक आता शिस्त झाली आहे."

"म्हणजे या सगळ्या शिव्या?"

"शिव्याच. पण मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि स्तुती सारखी. नाव आलं की एक. मी तीस वर्षं बरोबर लिहितोय. बरोबर लिहिणाऱ्याचं नाव कोण काढतो?"

"गिरणी कुठली ओ?" वसुमतीबाईंनी मध्येच विचारलं. "माझ्या अप्पांची, शेताजवळची? अय्यो, त्यांना कळवायला पाहिजे. राख इटलीपर्यंत गेली!"

सत्काराला सभागृह भरलं होतं. हरनाथ रावांनी भाषणात काही लपवलं नाही. राख, गिरणी, जपान, सगळं सांगितलं. श्रोत्यांनी प्रत्येक देशाच्या नावाला टाळ्या वाजवल्या. शेवटी ते म्हणाले, "पण आता तुसाची राख ओळखायची सोपी चाचणी निघाली आहे. पुढच्या वर्षापासून श्री. राव यांचा उल्लेख करायची कुणालाच गरज पडणार नाही."

टाळ्या थांबल्या. प्राचार्यांचा चेहरा एखाद्या दगडासारखा झाला, आणि कुठल्या दगडासारखा ते ओळखणारा कॉलेजातला एकमेव माणूस गळ्यात हार घालून खाली बघत होता.

"विभाग..." हरिप्रसाद पुटपुटले.

"थांबा, सार!" प्राचार्य म्हणाले. "एवढा एसी बसवून आता मागे फिरू?" त्यांनी टंकलेखिका कमलाक्षीला तिथेच व्यासपीठावर बोलावलं आणि उभ्याउभ्या मजकूर सांगायला सुरुवात केली:

"देशातील व परदेशातील सर्व भूशास्त्रज्ञांस. विषय: खंडन चालू ठेवण्याबाबत. महोदय, आमच्या महाविद्यालयातील श्री. एच. राव यांचे मत चुकीचे असल्याचे आपण आजवर वेळोवेळी निदर्शनास आणलेत, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. नव्या चाचणीमुळे आता याची आवश्यकता उरलेली नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि भूशास्त्र विभागाचे अस्तित्व लक्षात घेता, आपण प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा श्री. राव यांना चूक ठरवावे, आणि तसे करताना त्यांचे आद्याक्षर व गावाचे नाव अचूक लिहावे, ही नम्र विनंती."