आप्पांचा मेन स्विच

मी चौथीपर्यंत शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर तर कोंबडीने पाय दिल्यासारखं आहे, सांभाळून घ्या. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहिते.

आमच्या शेजारचे आप्पा बनियनवर फोन उचलत नाहीत. घंटी वाजली की आधी खुंटीवरचा सदरा घालणार, गळ्यापर्यंत बटणं लावणार, केसांवरून ओला हात फिरवणार. तोपर्यंत काकींनी फोन उचललेला असायचा. त्या म्हणायच्या, "अहो, त्याला तुम्ही दिसता थोडेच?"

"म्हणान काय उघडो बोलू? कायदो तो कायदो."

काकींना जाऊन दोन वर्षं झाली. आता सदरा होईपर्यंत फोन वाजून वाजून गप्प होतो.

आप्पांचा सगळ्यात मोठा कायदा मेन स्विचचा. दाराला कुलूप लागलं की घराचा मेन बंद. दळण आणायला पाच मिनिटं गेले तरी बंद. उन्हाळ्यात फ्रीजमधलं दूध नासतं. कोणी हसलं तर म्हणतात, "दूध गेला तर चाय जाता. आग लागली तर चाळ जाता."

गेल्या वर्षी आमच्या लालबागला रस्ता खणला आणि आप्पांचा फोन मुका झाला. जुन्या कंपनीने सांगितलं, वायर पुन्हा टाकणार नाही. मग वसईच्या भाच्याने इंटरनेटवर चालणारा फोन बसवून दिला. भिंतीवर लुकलुकणारा एक डबा आणि त्याला जोडलेला फोन. नंबरही नवा. बसवणारा माणूस जाताना म्हणाला, "आजोबा, तुमचा जुना फोन लाइट गेली तरी चालायचा. ह्याला लाइट लागते. डबा बंद, तर फोन बंद."

झाली पंचाईत! जुन्या फोनचं डिपॉझिट मागायला आप्पा दर मंगळवारी प्रभादेवीच्या ऑफिसात जायचे. तिथला साहेब दर वेळी पुढचा मंगळवार द्यायचा. जाताना मेन बंद करावा तर फोन मरणार, चालू ठेवावा तर कायदा मोडणार. एका मंगळवारी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"मंगल, गो, माझ्या घरात बसशील? घरात माणूस आसलो तर मेन चालू ठेवूक हरकत नाय. फोन वाजलो तर उचल."

फोनवर बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. म्हटलं, "नवा नंबर कोणाला दिलाय आप्पा?"

"अजून कोणाक नाय."

"मग वाजेल कसा?"

"वाजतलो," म्हणाले आणि गेले.

मी तांदूळ निवडत बसले. बाराला खरंच वाजला. मी उठून उभी राहिले, पदर सारखा केला. "ह... हॅलो?"

"आप्पा आसत?"

आवाज आप्पांचाच! मागे बसचे हॉर्न. भाच्याने दिलेल्या मोबाइलवरून बोलत होते.

"आप्पा, तुम्हीच ना?"

"विचारलंय ता सांग. आसत काय घरात?"

"नाहीत. बाहेर गेलेत."

"कधी येतले?"

"मला काय माहीत? कधी येताय?"

"एक वाजतलो. ठेव."

मला वाटलं, फोन तपासून बघतायत. पण पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्याही. हळूहळू माझी भीड चेपली. एकदा ते म्हणाले, "आप्पा आसत?" मी म्हटलं, "नाहीत. आणि येताना कढीपत्ता घेऊन या, आमचा संपलाय."

त्यांनी फोनच ठेवला. मी घाबरले, जास्त बोलले की काय.

एक वाजता आप्पा आले. कढीपत्त्याची मोठी जुडी माझ्यापुढे ठेवली आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "दोन वर्सां झाली गो, घरातसून कोणी ‘येताना घेवन या’ म्हणाक नाय."

मी कढीपत्ता निवडायला घेतला.

त्यानंतर मी दर मंगळवारी काहीतरी सांगायचे. लिंबं सांगितली, आलं सांगितलं. घरात असलं तरी सांगायचे.

मागच्या मंगळवारी आप्पा हसत आले. साहेबाने एकदाचं डिपॉझिट दिलं होतं. टेबलावर नोटा मांडून त्यांनी मला दोनदा मोजायला लावल्या. एक रुपयाही कापला नव्हता. मी म्हटलं, "सुटलात बाई त्या ऑफिसातून," आणि घरी आले. जेवण मात्र गेलं नाही.

आज मंगळवार. अकराला दार वाजलं. आप्पा पिशवी घेऊन उभे.

"अहो, पैसे मिळाले ना पूर्ण?"

"मिळाले. सगळे मिळाले," म्हणाले, घराची चावी माझ्या हातात ठेवली आणि जिना उतरू लागले.