खाऱ्या पाण्याचे बारा कॅन

समुद्राच्या पाण्याबद्दल मला कुणी शिकवू नये! मोम्बासाच्या बंदरात मी तीस वर्षं नोकरी केली आणि माझे आजोबा तर गलबतावरच जन्मले. त्यामुळे निवृत्त झाल्यावर घरात काचेची टाकी ठेवून समुद्रातले मासे पाळायचं ठरवलं, तेव्हा टाकी विकणाऱ्या फुमोने दिलेला सूचनांचा कागद मी न वाचताच खिशात घातला.

"वाचा तरी आधी," झेना, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

"कशाला? समुद्र काय कागद वाचून भरलाय?"

पाणी आणायचं काम करीसाला सांगितलं. करीसा हातगाडीवर पिवळे कॅन लादून बारा वर्षं आमच्या गल्लीला पाणी देतोय. इथल्या विहिरी मचूळ, त्यामुळे पाणीवाल्याचं सगळं नाव त्याच्या पाण्याच्या चवीवर!

"खारं पाणी? मुद्दाम?" करीसाने डोळे विस्फारले. "काका, ऊन लागलं का?"

तरी बिचाऱ्याने समुद्रावरून बारा कॅन भरून आणले. मी पोतंभर पांढरी वाळू टाकीत ओतली. धुतली नाही. आदमच्या काळापासून समुद्र जी वाळू धुतोय, ती मी काय धुणार? पाणी ओतलं आणि टाकीत नारळाचं दूध तयार झालं!

तेवढ्यात शेजारच्या बी रुकिया, म्हणजे रुकियाबाई, डोकावल्या. आमच्या गल्लीत मासा कढईत असतो, काचेत नाही. त्यांना वाटलं, पिण्याच्या पाण्याची नवी टाकी. बोट बुडवून चाटलं.

"या अल्ला! खारट! आणि हे गढूळ! करीसाचं पाणी?"

"करीसानेच आणलंय!" मी अभिमानाने सांगितलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं, तोवर बी रुकिया तीन घरं पुढे पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी करीसा दारात उभा. गाडी भरलेली, तोंड उतरलेलं.

"काका, एक कॅन खपला नाही. करीसा समुद्रातून भरतो म्हणतात. खोटं तरी कसं म्हणू? भरताना पाहिलंय ना मला सगळ्यांनी! बारा वर्षांचं नाव गेलं."

मला फार वाईट वाटलं. मी घरोघर जाऊन खरं सांगितलं. "मासे? कुठायत?" सगळ्यांचा एकच प्रश्न. त्या दुधात मासे सोडणार कसे आणि दिसणार कसे? पाणी निवळल्याशिवाय करीसा सुटत नव्हता.

मग मला आई आठवली. ती विहिरीच्या पाण्यात तुरटी फिरवायची. मी मुठीएवढा खडा घेतला आणि भाताच्या डावाने टाकी ढवळ ढवळ ढवळली. खालची वाळू वर आली, वर तुरटीचे पांढरे गोळे तरंगायला लागले.

"आता दूध फाटलं," झेना म्हणाली.

शेवटी फुमोला बोलावलं. त्याने डोक्याला हात लावला. "तुरटी? सगळं फेका! वाळू धुवा, नवं पाणी भरा आणि मग हात लावू नका. नव्या टाकीचं पाणी गढूळ होतंच, आपोआप निवळतं. कागदात लिहिलंय की!"

म्हणजे पुन्हा बारा कॅन! करीसा तयार होईना. मी अक्कल लढवली, "वरून गोणपाट टाक. कुणाला दिसणार नाही." ओट्यावर कॉफी पीत बसलेल्या पाच जणांना ते लगेच दिसलं.

"बघा, आता झाकून आणतो!"

पुढचे चार दिवस झेनाने डाव कुलपात ठेवला. मी हाताची घडी घालून बसलो, बंदरात संप होता तेव्हा बसायचो तसा. करीसा रोज येऊन काचेला डोळा लावायचा.

"काही दिसतंय?"

"पलीकडे तुमचं पोट दिसायला लागलंय, काका."

पाचव्या दिवशी पाणी आरशासारखं! फुमोने आपल्या जुन्या टाकीतले दगड आणि दोन पट्टेरी मासे आणून सोडले. मी सगळी गल्ली गोळा केली. बी रुकियांनी काचेला नाक लावलं.

"म्हणजे हे प्यायचं नाही? करीसाने तुमच्या सांगण्यावरून समुद्राचं आणलं?"

"हो! हो! हो!"

त्या मोठ्या मनाच्या बाईने सगळ्यांसमोर करीसाची माफी मागितली आणि दोन कॅन जास्तीचे सांगितले. मग सगळेच सांगायला लागले. करीसाचे डोळे भरून आले. माझेही.

दुसऱ्या सकाळी त्याची गाडी खडखडत आली आणि माझ्या दारावरून तशीच पुढे गेली.

"अरे करीसा! आमचे कॅन?"

तो लांब जाऊन थांबला. "काका, राग नाही हो तुमच्यावर. पण तुमच्या दारात गाडी थांबली की पुढची घरं पाणी चाखून घेतात. धंद्याचा प्रश्न आहे. दोन गल्ल्या सोडून नळ आहे, तिथलं पाणी चांगलंय."

तेव्हापासून रोज पहाटे मी दोन्ही हातांत कॅन घेऊन त्या नळावर रांगेत उभा असतो. मासे मात्र मजेत आहेत. आमच्या घरात जागेवर पाणी मिळतं ते फक्त त्यांनाच!