भाऊकाकांचं अवकाशस्थानक

गिरगावातलं एक अवकाशस्थानक मी घरच्या कात्रीने कापून टाकलं होतं. रशिया-अमेरिकेला अजून याचा पत्ता नाही.

परवा नातीने फोनवर दाखवलं. वर आकाशात माणसं महिनोन्‌महिने राहतात आणि सकाळी उठून आपल्यासारखीच कामाला लागतात. कुणी जाळ्या पुसतंय, कुणी केस धुतंय. चमचा भिंतीला चिकटवलेला, झोपायची पिशवी बांधलेली. नात म्हणाली, बघ आजी, काही सुटं ठेवलं की तरंगत जातं. मी म्हटलं, हे सगळं मी लग्नाच्या वर्षीच शेजारच्या खोलीत पाहिलंय. तिने लगेच माझ्या गोळ्यांची डबी तपासली.

शेजारी भाऊकाका आणि कमळाकाकू राहत. काका फोर्टात कारकून. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. रशियाने तो स्पुटनिक आकाशात सोडला तेव्हा अख्खी चाळ हवेत होती. बाकीच्यांना प्रश्न, तो गोळा वर गेलाच कसा. काकांना प्रश्न, आता माणसं वर बिऱ्हाड करणार, तर तिथे घरकाम कसं व्हायचं? फोडणीत टाकलेली मोहरी खाली येणारच नाही, घरभर फिरेल, मग आमटीचं काय? नळ आला तरी पाणी बादलीत उतरेल कशावरून? जणू पुढच्या महिन्यात खोलीचा ताबाच मिळणार होता.

मग त्यांनी सराव सुरू केला. सांडशी, काडेपेटी, फणी, कुंकवाचा करंडा, डब्यांची झाकणं, सगळं दोरीने आपापल्या खिळ्याला बांधलं. दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून मोरीपर्यंत जाड सुंभ ओढला. वर तरंगताना धरायला. काका स्वतः तो धरून, एक पाय उचलून, चाळीतल्या पोरांना चालून दाखवत. काकूही सुंभ धरूनच वावरत आणि हसत म्हणत, माझ्या नशिबी रशिया आलाय. कुणी पेला जमिनीवर ठेवला की काका ओरडत, "वर हे चालणार नाही."

तेव्हा चाळीत दुसरा विषय एकच, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. मोर्च्यात काकांचा आवाज सगळ्यांच्या वर. परत येताना कार्यकर्त्यांना गाठून सांगत, आकाशातली पहिली खोलीही आत्ताच मागून घ्या, मागाहून भांडणं नकोत. एका तिन्हीसांजेला तो हलणारा तारा दिसणार म्हणून चाळ गच्चीवर लोटली. आम्ही नाचलो, टाळ्या पिटल्या. काका तेवढे खालीच. म्हणाले, स्थानकावर कुणीतरी नको का? गॅलरीतूनही ते भिंतीला घासून चालत. कारण काय, तर वर कठडा नसतो, सवय नको.

मी मॅट्रिक पास झालेली नवी नवरी. म्हणजे जगातलं उरलेलं ज्ञान वर्षभरात मिळणार, अशा समजुतीतली. मला वाटे, बिचाऱ्या काकू, नवऱ्याच्या खुळापायी कोळ्याच्या जाळ्यात संसार करतायत. दिवाळीच्या तोंडावर काकूंचे थोरले भाऊ पेणहून लाँचने यायचे होते. त्यांना आणायला दोघं भाऊच्या धक्क्यावर गेली, काकू नेहमीसारख्या काकांच्या दंडाला धरून. या वयातलं हे प्रेम बघून आम्ही तोंडाला पदर लावायचो. किल्ली आमच्याकडे होती. मी कात्री घेतली.

एकूण एक दोरी कापली. भांडी घासून उंचीप्रमाणे मांडली, डब्यांच्या जागा बदलल्या. सुंभाची गुंडाळी केली आणि शाबासकीसाठी गॅलरीत उभी राहिले.

जिन्यातूनच भावाचा आवाज आला. धक्क्यावर कमळीचा पाय पायरीवरून चुकला होता, तिला दिसत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. नवरा दिवसभर कचेरीत, ही एकटी, घरात पेटती चूल. उद्याच्या लाँचने ते तिला पेणला नेणार होते, कायमची. काका शांतपणे म्हणाले, आधी तिच्या हातचा चहा घ्या. या घरात तिला काही शोधावं लागत नाही.

आणि त्यांनी दार ढकललं.

काकूंचा हात सवयीने सुंभ धरायला वर गेला. तो तसाच हवेत राहिला. काकांनी भिंतींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वर हे चालणार नाही," म्हणाले, पण ओरडले नाहीत.

माझी मॅट्रिक तिथेच नापास झाली. मी धावले आणि काकूंच्या हातात माझं कोपर दिलं.

"काकू, आज दोरी मी."

मग जी सुटले ती सुटलेच. पेणकर मामा, वर एकाने दुसऱ्याला धरूनच कामं करायची असतात, आजपासून आमचा तो सराव, शिवाय तरंगताना बोलत राहावं लागतं. काकूंनी माझं कोपर असं दाबलं, की वळ उठला. पण चेहरा हसरा. साखरेचा डबा कुठे ठेवलाय ते माझं मलाच सापडेना, तो त्यांनी वासावरून वेलदोड्याच्या शेजारी हुडकला. चहा झाला. मामांनी तो घोटाघोटाने प्यायला आणि काकांना सांगितलं, हिचे डोळे ठीक दिसतात, तुमच्या चाळीची डोकी तेवढी गेलीत. दुसऱ्या दिवशी ते एकटेच लाँचवर चढले.

ते गेल्यावर काका नवा सुतळीचा गुंडा आणायला उतरले. मी खाली मान घालून गाठी मारायला बसले. काकू प्रत्येक वस्तूची जागा सांगत होत्या, काडेपेटी तिथे, फणी त्याच्या हातभर उजवीकडे. रडू आवरायला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, काकांनी आकाशाचा एवढा ध्यास घेतलाय, एक दिवस खरंच जातील बघा वर.

काकूंनी माझी गाठ चाचपून पाहिली, थोडी घट्ट केली, आणि म्हणाल्या, "अगं शालू, ह्यांना गच्चीत उभं राहिलं तरी भोवळ येते. ह्यांना कुठलं आलंय आकाश?"