रविकुमारच्या खांद्याला पस्तीसपैकी पस्तीस

‘गोलंदाज आईच्या पोटातून येतो, चाहता मात्र घडवावा लागतो.’

आमचे आप्पाराव मास्तर रेडिओचा आवाज बारीक करून हे वाक्य म्हणायचे. मास्तर जाऊन पंधरा वर्षं झाली, पाठोपाठ रेडिओही गेला. पण ज्वारी काढून नेल्यावर रानात धाटांचा वास रेंगाळावा तसा तो आवाज माझ्या कानात राहिला आहे. मास्तरांचं म्हणणं आम्ही खटकचिंचोळीकरांनी इतकं मनावर घेतलं, की २००४ सालच्या हंगामाला गावात गोलंदाज तीन उरले होते आणि त्यांची पारख करणारे सात. (फलंदाज मोजलेले नाहीत. फलंदाजी आमच्याकडं प्रत्येकालाच येते, असं ज्याचं त्याचं म्हणणं आहे.)

पाडवा झाला, तुराट्या घरांवर चढल्या, गायरान मोकळं झालं, की बसवजयंतीच्या चषकाची तयारी लागते. बाकीच्या गावांत तयारी म्हणजे सराव. आमच्याकडं तयारी म्हणजे आढावा. सराव काय कुणीही करतो, त्याला चेंडू असला की झालं. आढाव्याला अनुभव लागतो, टेकायला बाकडं लागतं आणि दर अर्ध्या तासाला चहा लागतो. या तिन्ही गोष्टी बसस्टँडसमोरच्या माणिकप्पाच्या हॉटेलात एकत्र सापडत असल्यामुळं ‘गोलंदाजी आढावा समिती’ तिथंच बसत असे.

समितीवर येण्यासाठी पात्रता एकच होती: माणसानं जन्मात एकही चेंडू टाकलेला नसावा. ज्यानं टाकलेला असतो त्याला गोलंदाजाची दया येते, आणि दया आली की आढाव्यात पाणी शिरतं. अध्यक्ष राघोबाअण्णा. तीस वर्षं त्यांनी जनावरांच्या बाजारात दलाली केली. हजारो बैल त्यांच्या हाताखालून गेले, त्यातले बरेचसे ज्या घरी गेले तिथं अजून अण्णांचं नाव काढतात (कोणत्या शब्दांत, ते इथं लिहिण्यासारखं नाही). मी चिटणीस. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला लवकर ‘नाही’ म्हणता येत नाही. चिटणीसाला एवढं पुरतं.

अध्यक्ष बाजारातले, म्हणून आढाव्याची रीतही बाजाराचीच. चाल बघायची, छाती बघायची, मान बघायची, वशिंड बघायचं. आणि ज्याचा आढावा घ्यायचा त्याला काहीही विचारायचं नाही. या शेवटच्या नियमावर एका नव्या सभासदानं एकदा शंका काढली होती. तेव्हा अण्णा म्हणाले, ‘‘बाजारात बैलाला इचारतो व्हय रं, तू किती वडतूस म्हनून?’’ शंका मागं घेण्यात आली. सभासदही पुढं आला नाही.

मागच्या हंगामाचे आकडे समितीपुढं होते. आपल्या गोलंदाजांनी एकूण एकतीस गडी बाद केले. त्यांपैकी त्रिफळा सहा, झेल पाच (दोन प्रेक्षकांनी घेतले, उत्साह म्हणून मान्य), धावबाद चार, पंचाच्या कृपेनं नऊ (पंच अण्णांचे साडू), आणि पाच वाजताच्या भालकी बसनं सात. ही बस आमची सगळ्यात भरवशाची गोलंदाज. पाहुण्या संघाचे खालचे फलंदाज तिचा हॉर्न ऐकला की पॅडसकट चढत. पण तिला संघात घेता येत नाही, आणि या हंगामात तिची वेळही बदलली होती. त्यामुळं गोलंदाजांकडं वळण्यावाचून इलाज नव्हता.

पहिले सिद्धलिंगप्पा. वय सेहेचाळीस. चेंडू टाकल्यावर ते स्वतःच ‘अयाई’ म्हणतात, त्यामुळं फलंदाज काळजीनं त्यांच्याकडं बघतो आणि चुकतो. तिन्ही स्टंप त्यांच्या मालकीचे आहेत, म्हणून कप्तानही तेच.

दुसरा शिवराज, फिरकी. राहणार हैदराबाद; एका सात मजली बिल्डिंगीचा वॉचमन. जयंतीला रजा काढून येणार होता. त्याचा चेंडू इतक्या सावकाश येतो की समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो. आणि विचारानं माणसाचं काय होतं हे आम्ही आमच्या फलंदाजांवर बघितलेलं आहे.

तिसरा रविकुमार.

रविकुमार बिराप्पाचा थोरला. घराणं मेंढरांमागचं, मेंढरं गेली, आता तीन एकर रान आणि बाकी रोजगार. लहानपणी हा पोरगा ज्वारीच्या मचाणावर उभा राहून गोफण फिरवायचा. खडा सुटला की आधी पाखरं उडायची, मग आवाज यायचा. त्याची आई सुगंधाबाई जात्यावर म्हणायची:

लेक माझा मचाणाला, वारा गोफणीचा वाजं
पिकलं गं रान माझं, पाखराचं नाही ओझं

समितीनं ही ओवी ‘वेगाबद्दल प्रत्यक्षदर्शी साक्ष’ म्हणून नोंदवून घेतली होती. तीन हंगाम रविकुमारच्या एका हातावर आमचं गाव जगलं. मग तोही हैदराबादला गेला, काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या तिकडं, सेंट्रिंगच्या कामाला. त्या वर्षी माघात तो परत आला.

(एक तपशील कंसात ठेवतो, कारण समितीच्या कागदांत त्याला जागा नव्हती. सेंट्रिंगची लोखंडी प्लेट वरून रविकुमारच्या उजव्या खांद्यावर पडली होती. बीदरच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की सहा महिने हात कानाच्या वर न्यायचा नाही. जोरात नेलास तर तो हात पुढं कामाचा राहणार नाही, भाकरीचा घास उचलशील तेवढाच. डॉक्टरांसमोर त्याच्या शेजारी मी बसलो होतो. बीदरला तहसीलच्या कामाला गेलो होतो, बसमध्ये भेटला, मी सोबत गेलो. परतताना खिडकीकडं तोंड करून तो म्हणाला, ‘‘दादा, घरी कुनाला सांगू नगा. मंठाळचे पावणे जयंतीला यायलेत, मॅच बघून सोयरीक पक्की करतो म्हनलेत. हात मोडलाय म्हनल्यावर कोन पोरगी देतंय?’’ मी शब्द दिला. त्यात निम्मा शब्द त्याच्या लग्नासाठी होता. उरलेला निम्मा चषकासाठी होता, हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.)

आता आढावा.

माणिकप्पानं पहिल्याच बैठकीत खबर दिली, की रविकुमार हल्ली चहाची कपबशी डाव्या हातानं उचलतो. समितीचा निष्कर्ष: उजवा हात राखून ठेवतोय. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या दारात कुत्र्यानं कोंबडी धरली, तरी त्यानं दगड भिरकावला नाही. निष्कर्ष: शिस्त. (कोंबडी माणिकप्पाची होती. शिस्तीचं मोल गावानं मिळून द्यावं असं तो म्हणाला, विषय तहकूब.) बिरोबाच्या देवळात त्यानं नमस्कार केला तो छातीपर्यंतच, कपाळाला हात गेलाच नाही. निष्कर्ष: देवापुढं बरोबरीनं उभं राहण्याइतका आत्मविश्वास. त्याची बहीण जगदेवी त्याच्या सदऱ्याची बाही धरते आणि मग तो हात आत घालतो, हेही एकानं कुडावरून पाहिलं. यावर समितीनं कप खाली ठेवले. मग अण्णा हळूच म्हणाले, ‘‘मोठ्या प्लेयरला मदतनीस असतेत.’’ आणि गावातला एक पोरगा मोठा प्लेयर झाल्याच्या आनंदात आम्ही आणखी सात चहा सांगितले.

मी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेत होतो.

चैत्र सरता सरता समिती प्रत्यक्ष पाहणीसाठी बिराप्पाच्या अंगणात गेली. रविकुमार बाजेवर बसला होता. राघोबाअण्णा त्याच्याभोवती दोन फेरे फिरले, मांडीवर थाप मारली, पाठीवरून हात फिरवला, आणि उजव्या खांद्यावर येऊन थांबले. खांदा सुजून वर आला होता. सदऱ्याखाली अण्णांची बोटं फिरली. रविकुमारनं दातांवर दात दाबले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं डोळ्यांतच ठेवलं.

‘‘अबाबाबा!’’ अण्णा म्हणाले. ‘‘काय वशिंड आलंय बे पोराला! हैदराबादचं पानी मानवलं.’’

सुगंधाबाई चुलीपुढून उठून आल्या. ‘‘काय करायलाव अण्णा? लेक हाय माजा, बैल न्हाई.’’

‘‘बैल असता तर दातबी बघितलो असतो की अक्का. मानूस हाय म्हनून सोडलो.’’

सगळे हसले. रविकुमारही हसला, डाव्या बाजूनं. सुगंधाबाई मात्र त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. ‘‘तुमी कामून गप हाव?’’ त्यांनी मला विचारलं. मी वहीकडं बोट दाखवलं. लिहिणाऱ्या माणसाला बोलण्याची सक्ती नसते, हा वहीचा फार मोठा फायदा आहे.

मतदान दुसऱ्या दिवशी झालं. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. उपरण्याखाली दोघांचे हात जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो, वर चेहरे कोरडे. आमचं मतदान तसंच. प्रत्येक सभासदानं अण्णांच्या उपरण्याखाली हात घालायचा आणि द्यायचे तेवढे गुण बोटांनी दाबायचे. सात सभासद, पाच बोटं, एकूण पस्तीस. शिवराजला बारा पडले. सिद्धलिंगप्पांना पस्तीस पडले. ते शेजारच्याच बाकड्यावर स्टंप मांडीवर घेऊन बसले होते. रविकुमारच्या वेळी अण्णांनी आपली पाच स्वतःच्याच हातावर दाबून सुरुवात केली. माझी पाळी आली. उपरण्याखाली अंधार होता, ऊब होती, आणि अण्णांचा हात वाट बघत होता.

पस्तीसपैकी पस्तीस. टाळ्या.

जयंतीचा दिवस उजाडला. गायरानावर मांडव पडला, झालर लागली, कडेला चषक आणि खुंट्याला बक्षिसाचा बोकड. (त्या दिवशी शांत मनानं उभा असलेला तेवढा एकच होता.) पहिला सामना ठाणाकुशनूरशी. मंठाळचे पाहुणे, पाच फेटे, पुढच्या खुर्च्यांवर. सुगंधाबाई बायकांत मागं. समिती मांडवाच्या सावलीत. समालोचनाचा माईक रिवाजाप्रमाणं चिटणीसाच्या हातात. नाणेफेक आम्ही हरलो, म्हणजे पहिली गोलंदाजी आमची.

सिद्धलिंगप्पांनी चेंडू रविकुमारकडं टाकला. त्यानं तो डाव्या हातात झेलला, मग उजव्यात ठेवला, भरलेली कळशी एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी तितक्या जपून. तो मागं चालत गेला. अठरा पावलं मोजून वळला आणि उभाच राहिला.

‘‘गनित चालू हाय त्याच्या मनात,’’ अण्णा म्हणाले.

रविकुमारनं पाहुण्यांच्या फेट्यांकडं बघितलं. मग लांबून, इतक्या सगळ्या डोक्यांवरून, माझ्याकडं. ओठ पांढरे पडले होते. मी माईकवर म्हणालो, ‘‘मित्रहो, एकाग्रता बघा.’’ माझा आवाज चांगला लागला होता.

तुम्ही आता म्हणाल, अरे चिटणीसा, लाज कशी वाटत नाही? वाटते. पण एक विचारू का? कंसातली गोष्ट अण्णांना ठाऊक नव्हती, माणिकप्पाला नव्हती, त्याच्या जन्मदात्या आईलाही नव्हती. तुम्हाला होती. ती वाचूनही तुम्ही कपबशीला हसलात, कोंबडीला हसलात, वशिंडाला तर नक्कीच. आणि आत्ता, खरं सांगा, हा पोरगा पळत येतो की नाही आणि चेंडू कुठं पडतो, हे बघायला जरा पुढं सरकून बसलात. तुमचाही चेहरा कोरडाच असेल. समितीत सात सभासद होते असं मी वर लिहिलंय, ते तेवढं दुरुस्त करून घ्या. आठ.

रविकुमार निघाला. पहिलं पाऊल, दुसरं, पाचवं. गायरानाची काळी धूळ त्याच्या टाचांमागं उठत होती. लोक ओरडू लागले. दहावं पाऊल. त्याचा उजवा हात कमरेपासून सुटून वर येऊ लागला, आणि मला मांडवातल्या गर्दीत सुगंधाबाई उभ्या राहिलेल्या दिसल्या.

कर्ण्यातून आलेला आवाज माझाच होता. पाहुण्यांपर्यंत गेला, चारी खांबांवरून गेला, गावातल्या रिकाम्या घरांपर्यंत गेला असेल.

‘‘रव्या, थांब! टाकू नगूस! अण्णा, बैलाचा खांदा सुजून आला तर आपन जू उतरवतो की न्हाई? ह्याचा मोडलाय. दोन महिनं झालं, डॉक्टर बोलला तवा मी बाजूला बसलो हुतो. मला ठाऊक हुतं अक्का... आन् तरीबी मी पाच बोटं दाबलो.’’